दुसऱ्या पंगतीचे ताट: आतड्यातल्या जिवाणूंचा विचार करून आहार कसा आखावा

आपण एकदा जेवतो, पण त्या जेवणावर पंगती दोन बसतात. पहिली पंगत लहान आतड्यात बसते. साधारण सहा मीटर लांबीच्या या नळीत पिष्ट, साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांतील बहुतेक भाग तीन ते पाच तासांत पचून शोषला जातो. जे उरते ते जेमतेम दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे दिवसभर, कधी त्याहूनही अधिक काळ, रेंगाळते. या उरलेल्या अन्नावर जिवाणूंची दुसरी पंगत बसते. ‘आतड्यासाठी चांगले काय’ असा प्रश्न विचारला की नवखा माणूस कॅप्सूल, चूर्णे आणि जाहिरातींच्या नादी लागतो, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी ताटातल्या प्रत्येक पदार्थासमोर एकच प्रश्न ठेवावा: यातले मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचते? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघाल्या आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. माणसाच्या शरीरात त्याच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे रॉन सेंडर, रॉन मायलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ साली हा हिशोब नव्याने मांडला, तेव्हा ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, असा आकडा निघाला. म्हणजे संख्या जवळपास तोडीस तोड, आणि साऱ्या जिवाणूंचे मिळून वजन अवघे २०० ग्रॅम. त्यांतले बहुतांश मोठ्या आतड्यात राहतात.

तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे अन्न आंबते. तंतुमय पदार्थ आंबले की त्यांतून मुख्यत्वे अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन आम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा या पेशी त्यातूनच मिळवतात. ते जाळताना त्या पुष्कळ प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे तो आतड्याच्या पोकळीत फारसा झिरपत नाही आणि प्राणवायू मिळाला की फोफावणाऱ्या उपद्रवी जिवाणूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. थोडक्यात, आपण जिवाणूंना तंतू पुरवतो, ते अस्तराला इंधन पुरवतात आणि अस्तर त्यांच्यासाठी योग्य वातावरण टिकवून धरते.

तंतू पोहोचलेच नाहीत तर जिवाणू उपाशी बसत नाहीत. ते उरलीसुरली प्रथिने आंबवू लागतात, ज्यातून अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. काही जिवाणू त्याहून पुढे जाऊन आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत श्लेष्माचा थर खाऊ लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या आतड्यांत माणसाच्या आतड्यातील १४ निवडक जातींचे जिवाणू वसवून काही उंदरांना तंतुविरहित खाणे दिले, तेव्हा त्यांचा श्लेष्माचा थर झिजून पातळ झाला आणि आतड्याला संसर्ग करणाऱ्या जंतूला वाट मोकळी झाली. उंदरावरून माणसाबद्दल सरसकट निष्कर्ष काढू नये. तरी यंत्रणा कशी चालते हे त्यातून स्पष्ट दिसते.

माणसांवरचा मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यामधला आहे. स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात २० आफ्रिकी-अमेरिकी आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल केली. दिवसाला सुमारे १४ ग्रॅम तंतू खाणाऱ्या अमेरिकी गटाला ५५ ग्रॅम तंतूंचा आणि कमी चरबीचा आफ्रिकी धाटणीचा आहार मिळाला. ६६ ग्रॅम खाणाऱ्या आफ्रिकी गटाला १२ ग्रॅम तंतूंचा आणि भरपूर मांस-चरबीचा. दोनच आठवड्यांत पहिल्या गटातील ब्युटिरेटची निर्मिती अडीच पटींनी वाढली, दुसऱ्यातील निम्म्यावर आली, आणि आतड्याच्या अस्तरातील दाहाच्या खुणाही त्याच दिशेने बदलल्या. आहाराचा परिणाम दिसायला वर्षे लागत नाहीत, हे नवख्याने यातून घ्यावे. पण परिणाम उलटा फिरायलाही तेवढाच वेळ पुरतो.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही न बदलता नोंद ठेवावी

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी खाणे बदलले, तर नंतर काय सुधारले हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एक साधी वही घ्यावी आणि सात दिवस चार गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, शौच किती वेळा झाले, त्याचे स्वरूप कसे होते आणि पोट गुबारले का. स्वरूपासाठी इंग्लंडातील ब्रिस्टल येथील लुईस आणि हीटन यांनी १९९७ साली मांडलेली सात प्रकारांची मोजपट्टी जगभर वापरतात. पहिला प्रकार लेंड्यांसारख्या सुट्या कडक खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा. वर बारीक भेगा असलेला तिसरा आणि मऊ, गुळगुळीत असा चौथा प्रकार हे उत्तम मानले जातात. विषय किळसवाणा वाटला तरी घरी बसून आतड्याचा अंदाज घेण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

याच आठवड्यात एक छोटी चाचणीही करता येते. एका जेवणात मूठभर उकडलेले मक्याचे दाणे नीट न चावता गिळावेत आणि ते बाहेर कधी दिसतात याची वेळ टिपावी. त्याआधी आणि नंतर दोनचार दिवस मका खाऊ नये, नाहीतर हिशोब चुकतो. एक-दोन दिवसांत दाणे दिसणे सर्वसाधारण आहे. तीन दिवसांहून अधिक लागत असतील, तर मोठ्या आतड्यातील तंतू आधीच संपून प्रथिने आंबण्याची वेळ येते, आणि पुढच्या पायऱ्या अशा माणसासाठी अधिकच महत्त्वाच्या ठरतात.

बाजारात मिळणाऱ्या, शौचाच्या नमुन्यावरून जिवाणूंची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्या सुरुवातीला करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणते जिवाणू किती प्रमाणात असावेत याचे सर्वमान्य प्रमाण अजून ठरलेले नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी भारतीयांच्या नमुन्यांची इतर देशांतील नमुन्यांशी तुलना केली, तेव्हा आपल्याकडे प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांचे प्राबल्य आढळले. परदेशी लोकांच्या नमुन्यांवर बेतलेल्या अहवालात आपले आतडे ‘असंतुलित’ ठरले, तर त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

दुसरी पायरी: ताटातले तंतू मोजावेत

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने अन्नातून दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात प्रत्येकी ३ ग्रॅमहूनही कमी तंतू असतात. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेतही ११ ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे मैदा आणि कणीक यांतला जवळजवळ सगळा फरक चाळणीत उरलेल्या कोंड्याचा आहे.

आता दोन ताटे शेजारी ठेवून पाहू. सकाळी पोहे, दुपारी भात आणि तुरीचे वरण, संध्याकाळी चहासोबत बिस्किटे, रात्री पुन्हा भात आणि बटाट्याची भाजी असा दिवस गेला, तर तंतूंची बेरीज दहा-बारा ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते. याउलट दिवसभरात ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन वेळच्या मिळून २०० ग्रॅम भाज्या आणि एक मध्यम पेरू एवढे झाले, तरी अनुक्रमे १०, साडेचार, सुमारे सहा आणि आठ ग्रॅम धरून आकडा २८ वर जातो. यात महाग काहीच नाही. उपासाच्या दिवशी मात्र हिशोब कोसळतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यातले बहुतेक पहिल्याच पंगतीत संपते. खिचडीतले जे काही दुसऱ्या पंगतीला पोहोचते ते दाण्याच्या कुटाचे. उपास करायचाच असेल तर राजगिरा, रताळे आणि फळे यांच्याकडे वळावे.

तिसरी पायरी: तंतू वाढवावेत, पण आठवड्याला पाचच ग्रॅम

नवख्याची हमखास चूक इथे होते, आणि ती मीही केली आहे. सगळे वाचून झाल्यावर मी एका सोमवारी सकाळी दुधात गव्हाचा कोंडा, दुपारी राजमा आणि रात्री कांदा-लसणाच्या भरपूर वाटणातली चवळी असा बेत सुरू केला. गुरुवारपर्यंत पोट नगाऱ्यासारखे डब्ब झाले आणि ‘आपल्याला तंतू सोसत नाहीत’ असा निष्कर्ष काढून मी महिनाभर हा विषयच सोडून दिला. दोष तंतूंचा नव्हता. एवढा माल एकदम उतरला की तो आंबवताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायूही एकदम तयार होतात, आणि ते सामावून घेणारी घडी आतड्यात बसायला काही आठवडे लागतात. म्हणून आठवड्याला साधारण पाच ग्रॅमच वाढवावेत, म्हणजे एका आठवड्यात एक पेरू, पुढच्या आठवड्यात एका भाताच्या जागी भाकरी, असे. सोबत पाणीही वाढवावे. कोरड्या आतड्यात नुसता कोंडा ढकलला तर बद्धकोष्ठ वाढते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे सगळे तंतू सारखे नसतात. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टॅन वर्गातले तंतू जिवाणू झपाट्याने आंबवतात, त्यामुळे वायूही लवकर होतो. पेरू, संत्रे आणि सफरचंद यांतील पेक्टिन, तसेच ओट आणि जव यांतील बीटा-ग्लुकन हेही पाण्यात विरघळणारे आणि चांगले आंबणारे तंतू आहेत. गव्हाचा कोंडा सावकाश आणि अर्धवटच आंबतो. तो मुख्यतः शौचाचे आकारमान वाढवतो. इसबगोल तर पाणी धरून फुगतो, पण जिवाणू त्याला फारसे तोंड लावत नाहीत. त्यामुळे रात्री चमचाभर इसबगोल घेऊन पोट साफ होत असले, तरी दुसऱ्या पंगतीच्या ताटात काही पडले असे समजू नये. ज्याला वायूचा त्रास अधिक आहे त्याने सुरुवात मात्र इसबगोलानेच केलेली बरी, कारण तो कमी आंबतो म्हणूनच सोसतो. तंतूंचे प्रकार असे वेगवेगळे आहेत म्हणूनच एकच ‘सुपरफूड’ धरून बसण्यापेक्षा आठवड्यात भाज्या, धान्ये आणि कडधान्ये फिरवत राहणे शहाणपणाचे असते.

चौथी पायरी: कडधान्ये नीट भिजवून, मोड काढून खावीत

वाल, चवळी, हरभरा यांना आपल्याकडे वातूळ म्हणतात, आणि ते खरे आहे. या दाण्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, ज्या तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या जशाच्या तशा खाली उतरतात आणि जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. म्हणजे जी गोष्ट वायू करते, तीच जिवाणूंचे पोषणही करते. त्यामुळे कडधान्य सोडण्यापेक्षा आपल्याला झेपेल एवढ्यावर त्या शर्करा आणणे हा योग्य मार्ग, आणि तो आपल्या घराघरांत आधीपासून आहे.

मटकी सकाळी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घालावी. संध्याकाळपर्यंत दाणे टपोरे फुगतात, पाणी पिवळसर होते आणि वर फेसाची पातळ साय धरते. विरघळलेल्या शर्करांचा काही भाग या पाण्यात उतरलेला असतो, म्हणून नवख्याने ते आमटीत न वापरता ओतून द्यावे. मग दाणे दोन पाण्यांनी खळबळून, निथळून, ओल्या सुती फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधावी आणि चाळणीत ठेवून वर ताट झाकावे. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळीच फडक्यातून पांढरे मोड डोकावतात. थंडीत आणखी अर्धा-पाऊण दिवस थांबावे लागते. पुरचुंडी उघडल्यावर ओल्या शेंगेसारखा गोडसर वास आला पाहिजे. दाणे बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला, तर मोह न धरता टाकून द्यावेत. अंकुर वाढताना बी या शर्करा स्वतःच्या वाढीसाठी खर्च करते, म्हणून मोड आलेले कडधान्य पोटाला हलके पडते. दमट, उबदार फडक्यात नको ते जंतूही वाढू शकतात, त्यामुळे मोड कच्चे न खाता वाफवून किंवा शिजवूनच खावेत.

वालाला मोड काढून, सोलून डाळिंब्या करताना सालीसकट तंतूंचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. डाळिंब्यांच्या उसळीची चव पाहता त्याबद्दल कुणी तक्रार करील असे वाटत नाही, आणि मीही करणार नाही. हिंग आणि ओवा यांची फोडणी जरूर द्यावी, मात्र फोडणीने त्या शर्करा नाहीशा होत नाहीत. प्रमाण हाच खरा उपाय आहे. सुरुवात सालीच्या मुगापासून किंवा मसुरापासून अर्ध्या वाटीने करावी आणि मग मटकी, चवळी, राजमा, वाल असे चढत जावे. परदेशात राहणाऱ्यांना मटकी सहज मिळाली नाही, तर डब्यातले शिजवलेले राजमा-छोले चालतात. डब्यातले पाणी मात्र ओतून देऊन दाणे धुऊन घ्यावेत.

पाचवी पायरी: थंड झालेला भात

शिजलेले पिष्ट थंड झाले की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट रचनेत बसतो आणि लहान आतड्यातील विकरांना दाद देत नाही. हा भाग तंतूप्रमाणेच खाली पोहोचतो. याचा गवगवा मात्र फार झाला आहे. २०१५ च्या एका इंडोनेशियन अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात अशा न पचणाऱ्या पिष्टाचे प्रमाण १०० ग्रॅमला सुमारे ०.६ ग्रॅम आढळले, आणि २४ तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर ते सुमारे १.७ ग्रॅम झाले. फायदा आहे, पण मूठभर मटकी त्याहून पुष्कळ अधिक देते. शिवाय भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही तग धरू शकतात. त्यामुळे भात रात्रभर ओट्यावर न ठेवता तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून फोडणीचा भात करावा.

सहावी पायरी: रोज काहीतरी आंबवलेले

आंबवलेल्या पदार्थांत जिवाणू बाहेरच आपले काम करून येतात. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले इल्या मेचनिकोव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना आंबट दूध दीर्घायुष्य देते असे मानू लागले होते. दीर्घायुष्याची गोष्ट सिद्ध झाली नाही, आणि दह्यातले नेहमीचे जिवाणू आतड्यात कायमचे बिऱ्हाडही थाटत नाहीत. ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात, म्हणून ते रोज यावे लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने तंतू वाढवले आणि दुसऱ्याने दही, केफिर (ताकासारखे आंबवलेले दूध), आंबवलेल्या भाज्या यांसारखे पदार्थ दिवसाला सहा वाढपांपर्यंत नेले. दहा आठवड्यांत आंबवलेल्या पदार्थांच्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचे रक्तातील प्रमाण घटले. तंतूंच्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. यावरून तंतू बिनकामाचे ठरत नाहीत. नुसते खाद्य वाढवले तरी ते खाणारे जिवाणू हजर असावे लागतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आपल्याकडे यासाठी घरच्या विरजणाचे दही आणि ताक यांइतके सोयीचे काही नाही. दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते, कारण विरजणातील जिवाणूंनी दुधातील काही शर्करा आधीच खाल्लेली असते आणि उरलेली पचवायलाही ते मदत करतात. ताकाची कढी केली की हे जिवाणू उष्णतेने मरतात, आणि इडली, ढोकळा, आंबोळी यांचेही तसेच. हे पदार्थ पचायला हलके आणि उत्तम असले, तरी जिवंत जिवाणूंच्या खात्यात त्यांची नोंद करू नये. आंबिलीत दोन्ही साधते: नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी आंबूस वास आला की शिजवून घ्यावे, आणि कोमट झाल्यावरच त्यात ताक आणि मीठ घालावे. ताक गरम आंबिलीत ओतले तर दुसऱ्या पंगतीसाठी आणलेले पाहुणे दारातच गतप्राण होतात. आपले तेल-मिठातले कैरीचे लोणचे या हिशोबात धरू नये. त्यात आंबण्यापेक्षा मीठ अधिक असते.

सातवी पायरी: तुरट, कडू आणि गडद रंगाचे खावे

जांभूळ, करवंद, डाळिंब, आवळा, कोकम, चहा यांतला तुरटपणा आणि अनेकांचा गडद रंग ज्या संयुगांमुळे येतो, त्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. यांचा फार थोडा भाग लहान आतड्यात शोषला जातो. बाकीचा खाली उतरतो आणि जिवाणू त्याचे तुकडे करून नवी संयुगे बनवतात. डाळिंबातल्या एलाजिटॅनिनपासून युरोलिथिन तयार होते, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांकडे नसतात, त्यामुळे एकाच डाळिंबाचे दोन माणसांच्या पोटांत दोन वेगळे निकाल लागू शकतात. जवसातील लिग्नन या संयुगांचेही जिवाणूच रूपांतर करतात. अख्खा जवस मात्र बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून तो भाजून, कुटून, चटणी करूनच खावा, आणि कुटलेला फार दिवस ठेवू नये, कारण तो खवट होतो. फळांचा रस गाळून प्यायल्यास रंग मिळतो, पण तंतू गाळणीत राहतात.

आठवी पायरी: पाकिटाची मागची बाजू वाचावी

आतापर्यंत काय पोहोचवावे हे पाहिले. काही गोष्टी न पोहोचलेल्या बऱ्या. आइस्क्रीम, केक आणि तयार सॉस यांत तेल-पाणी एकजीव ठेवण्यासाठी आणि दाटपणासाठी घातलेली काही द्रव्ये पचत नाहीत आणि सरळ खाली जातात. घटकांच्या यादीत अशी द्रव्ये आयएनएस या आंतरराष्ट्रीय क्रमांकांनी ओळखता येतात: ४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट-८०. २०१५ च्या प्रयोगात या दोन्हींमुळे उंदरांचा श्लेष्माचा थर पातळ होऊन जिवाणू भिंतीच्या जवळ सरकले. २०२२ मध्ये १६ निरोगी माणसांवर झालेल्या छोट्या अभ्यासात ११ दिवस रोज १५ ग्रॅम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज दिल्यावर जिवाणूंची रचना बदलली आणि ब्युटिरेटसारखी लघुशृंखला आम्ले घटली. १५ ग्रॅम हे प्रमाण नेहमीच्या खाण्यापेक्षा बरेच मोठे आहे, त्यामुळे एका आइस्क्रीमने घाबरू नये. रोज तीन वेळा पाकिटातलेच खाणाऱ्याने मात्र विचार करावा. कृत्रिम गोडीपैकी ९५४ म्हणजे सॅकरिन आणि ९५५ म्हणजे सुक्रालोज. वाइझमन संस्थेच्या २०२२ च्या, १२० जणांवरील अभ्यासात या दोन्हींमुळे जिवाणूंसोबत रक्तातील साखरेचा प्रतिसादही बदलला, पण प्रत्येकात वेगवेगळा. मधुमेहींनी यावरून साखरेकडे परतू नये. गोडाची सवयच हळूहळू कमी करावी.

कोणी थांबावे

वरील पायऱ्या सर्वसाधारण निरोगी प्रौढांसाठी आहेत. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा आजार बळावलेला असताना, आतडे अरुंद झालेले असताना किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असताना तंतू वाढवू नयेत. मूत्रपिंडाचे रुग्ण फळे आणि कडधान्ये वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारतील, आणि प्रतिकारशक्ती दबलेली माणसे जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल स्वतःहून घेणार नाहीत, हे उत्तम. आतड्याच्या हळवेपणाचा, म्हणजे आयबीएसचा त्रास असणाऱ्यांना कांदा, लसूण, गहू आणि कडधान्ये खरोखर त्रास देऊ शकतात. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेली, झटपट आंबणाऱ्या शर्करा काही आठवडे वगळून मग एकेक परत आणण्याची पद्धत आहे. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, कारण वगळणे सोपे असते आणि परत आणणे बहुतेक जण विसरतात.

शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सततचा ताप, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकलेला बदल, यांपैकी काहीही दिसले तर आंबील आणि मटकी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठावे. बाकीच्यांनी सहा आठवड्यांनी पहिल्या पायरीकडे परत यावे, पुन्हा सात दिवस नोंद करावी, मक्याच्या दाण्यांची वेळ पुन्हा टिपावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. डॉक्टरांकडे जावे लागले तर तीच वही सोबत न्यावी, कारण तपासणीच्या खोलीत ‘पोट कसे आहे’ या प्रश्नाला बहुतेकांच्या तोंडून ‘ठीकच’ एवढेच उत्तर निघते.